फुकट ऐकलेल्या गाण्याचे पैसे कोण देतं?

ज्यांना कानात इअरफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ तेवढे गाळलेत.

सुरुवात इन्सुलीपासून करू. सावंतवाडी सोडून बांद्याकडे निघालात की एक घाट लागतो, तो इन्सुलीचा. पुढे थोड्याच अंतरावर गोव्याची हद्द. तिथला तपासणी नाका बऱ्याच जणांना ठाऊक असेल, गोव्याहून परतताना डिकी उघडायला लावतात तो. आता या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जत्रेच्या रात्री जा आणि कुणाला तरी विचारा, "दशावताराचा तिकीट खंय गावता?" माणूस आधी हसेल, मग विचारेल, "तुमी खंयचे?"

कारण तिकीट नसतंच. देवळासमोर जागा धरायची, चटई टाकायची, अंगावर शाल ओढायची आणि बसायचं. देवाचं सगळं आटोपलं की मध्यरात्रीच्या सुमारास पायपेटीचा सूर लागतो, पखवाज आणि झांज सुरू होते. गणपती येतो, सरस्वती येते, वेद चोरणारा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टर उडवतो. हा झाला आड दशावतार. मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद नट उभ्या उभ्या रचतात आणि पदं स्वतः गातात. चाली कधी नाट्यसंगीताच्या, कधी सिनेमाच्या. पहाटे दहीकाला झाला की लोक घरी जातात. चार-पाच तास गाणं ऐकलं, खिशातून काढलं काय? फार तर आरतीचं ताट समोर आलं तेव्हा टाकलेलं नाणं किंवा नोट.

आणि तरी त्या गावात दशावताराला कुणी हलकं समजत नाही. वर्षभर ‘अमक्याचा राजा बघितलास?’ अशा गप्पा चालतात. राजापार्ट कोण करणार, स्त्रीपार्ट कोण करणार, पखवाजावर कोण बसणार, यावरून माणसं दहा मैल लांबच्या जत्रेला जातात.

आजचा प्रश्न हाच आहे. गाणं फुकट दिलं की त्याची किंमत कमी होते का? आपण सगळेच आता गाणी फुकट ऐकतो, किंवा महिन्याला थोडेफार पैसे देऊन लाखो गाणी ऐकतो, म्हणून हा प्रश्न नवा वाटतो. पण आपल्याकडे यावर शंभर-सव्वाशे वर्षं भांडणं चाललीत.

आधी दशावताराचा हिशेब पूर्ण करतो. ऐकणाऱ्याला फुकट, याचा अर्थ कुणीच पैसे देत नाही असा नाही. जत्रा गावाची असते. देवस्थान, मानकरी, कधी नवस बोललेलं एखादं घर, असे सगळे मिळून मंडळीला नारळ, शिधा आणि ठरलेली रक्कम देतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, चेंदवणकर या जुन्या मंडळ्या. त्यांच्या जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असायच्या. म्हणजे गाव आधीच वर्गणी भरून मोकळं झालेलं असतं आणि मग दार सगळ्यांना उघडं. चाकरमानी असो, शेजारच्या गावचा असो, की चुकून गाडी थांबवलेला पर्यटक.

हे चित्र गोड आहे, पण पूर्ण नाही. या नटांबद्दलच आपल्याकडे म्हण पडली, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. रात्री मुकुट घालून सिंहासनावर बसलेला माणूस सकाळी सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेच्या गावी चालत जायचा. कलेला मान होता. पोटाला मिळायचं ते मात्र बेताचं. म्हणून मी या बोलण्यात ‘किंमत’ हा शब्द जरा जपून वापरणार आहे. लोक गाण्याला किती मानतात ही एक गोष्ट. गाणाऱ्याच्या घरी किती पोहोचतं ही दुसरी. फुकटाच्या वादात या दोन्हींची कायम खिचडी होते.

या वादातली दुसरी बाजू म्हणजे उस्तादांची. ख्याल गायकीच्या घराण्यांत बंदिश ही मालमत्ता होती. अक्षरशः मालमत्ता. मुलीच्या लग्नात हुंड्यात बंदिशी दिल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. खास राग, खास अस्ताई मुलाला नाहीतर गंडाबंध शिष्याला मिळायची, आणि तीही वर्षानुवर्षं सेवा केल्यावर. १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्गनं गौहर जान यांच्या आवाजात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण केलं आणि तबकड्यांचा धंदा सुरू झाला, तेव्हा अनेक गवयांनी त्याकडे पाठ फिरवली. तबकडी कुणाच्याही घरी जाणार, कुणीही ती शंभर वेळा लावून आपली चीज उचलणार. भीती अगदीच खोटी नव्हती. तबकड्या ऐकून शिकलेले गायक पुढे झालेच.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिलेले अल्लादिया खाँ १९४६ मध्ये गेले. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा डोंगराएवढा माणूस, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आपल्याकडे नाही. त्यांच्याकडून शिकण्यासाठी केसरबाई केरकरांनी कडक अटी मान्य केल्या, मोठी बिदागी दिली आणि १९२१ पासून खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत तालीम घेतली. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, म्हणजे आपल्या इन्सुलीच्या नाक्यापलीकडच्या मुलखातल्याच. एवढं मोजून मिळवलेलं गाणं त्यांनी मोजूनच दिलं. बिदागी तगडी, ध्वनिमुद्रिका मोजक्या, आणि शिष्या म्हणून नाव घ्यायचं तर धोंडूताई कुलकर्णींचं.

आणि गंमत बघा. १९७७ मध्ये ‘नासा’नं दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. कार्ल सेगन यांच्या समितीनं सगळ्या पृथ्वीवरून २७ संगीताचे तुकडे निवडले. त्यात भारतातून एकच गाणं गेलं, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आयुष्यभर ज्यांनी आपलं गाणं जपून ठेवलं, त्यांचंच गाणं आता सूर्यमालेच्या वेशीबाहेर कुणीही घ्या म्हणत चाललंय. मला यात विरोधाभास दिसत नाही. त्यांनी आधी गाणं मोजून घेतलं आणि मोजून दिलं, म्हणून ते त्या दर्जाचं राहिलं, असंही म्हणता येईल. पण लगेच दुसरं टोक दाखवतो.

विष्णू नारायण भातखंडे. जन्म १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. पेशानं वकील. या माणसानं देशभर हिंडून, उस्तादांपुढे बसून, कुणाची मनधरणी करून, कुणाचा गंडा बांधून, फोनोग्राफवर आवाज मुद्रित करून बंदिशी गोळा केल्या. आणि मग काय केलं? छापल्या! ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तक मालिका’, सहा भाग, अठराशेच्या वर बंदिशी, स्वरलिपीसकट, तेही मराठीत. ज्या चीजेसाठी शिष्यानं दहा वर्षं गुरूचे पाय चेपावेत, ती आता पुस्तकाच्या दुकानात.

घराण्यांच्या हिशेबानं तिथेच बाजार कोसळायला हवा होता. तसं झालं नाही. पुस्तकातून बंदिशीचा सांगाडा मिळतो, गाणं मिळत नाही, हे लोकांना लवकरच कळलं. राग कसा उलगडायचा, मींड कुठे घ्यायची, हे शिकायला माणूसच लागतो. उलट, घरात संगीताची परंपरा नसलेली मुलं-मुली शिकायला पुढे आली, म्हणजे शिक्षक लागले, शाळा लागल्या, परीक्षा आल्या. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं ते भातखंड्यांच्याच खटपटीतून. चीज उघड झाली आणि ती शिकवणाऱ्याला काम मिळालं.

फक्त एक खोच आहे. भातखंड्यांचं पोट गाण्यावर नव्हतं. वकील माणूस. बंदिशी वाटून टाकल्यानं त्यांच्या चुलीवर काही परिणाम होणार नव्हता. ज्यांच्याकडून त्या आल्या, त्यांची चूल मात्र त्याच चीजेवर पेटत होती. परंपरेनं आलेल्या बंदिशीला रॉयल्टी ही कल्पनाच तेव्हा नव्हती. कुणा खाँसाहेबांना आपलं घर लुटलं गेल्यासारखं वाटलं असेल तर त्यांना संकुचित म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दान चांगलंच होतं. पण माल दुसऱ्याच्या घरातला होता.

त्याच काळातले दुसरे विष्णू, विष्णू दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचे. ते पोटानंही गवई होते. राजाच्या दरबारात गाण्यापेक्षा तिकीट लावून चारचौघांत गावं, असं ज्या पहिल्या मोजक्या गवयांनी केलं त्यांतले ते. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं. काही विद्यार्थ्यांना राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, बदल्यात काही वर्षं बांधून घ्यायचे आणि शिक्षक म्हणून तयार करायचे. हा खर्च कुठून? मैफिलींच्या तिकिटांतून, देणग्यांतून आणि कर्जातून. शेवटी कर्ज वरचढ झालं, मुंबईतली शाळेची इमारत हातची गेली. फुकट शिकलेले ते विद्यार्थी मात्र देशभर पसरले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, सगळे पलुस्करांचे शिष्य. हिशेबाच्या वहीत शाळा बुडाली, असं म्हणायचं असेल तर म्हणा.

आता माझ्या मते या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण. गीतरामायण.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत प्रसारित झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना आणि आखणी केंद्रावरच्या सीताकांत लाडांची. दर आठवड्याला एक गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीतं ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, लता मंगेशकर, असे कितीतरी आवाज.

आता आजच्या मार्केटिंगवाल्याला हे सांगून बघा. ५६ गाण्यांचा अख्खा संच, सगळ्यात ताजा माल, एकही तबकडी बाजारात नसताना हवेत सोडून द्यायचा. ज्याच्याकडे रेडिओ आहे त्यानं ऐकावं, ज्याच्याकडे नाही त्यानं शेजाऱ्याच्या ओटीवर नाहीतर हॉटेलच्या बाकड्यावर बसून ऐकावं. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, ही आठवण तर आजी-आजोबांकडून बहुतेकांनी ऐकलेली असेल. वर्तमानपत्रं गीतांचे शब्द छापायची, लोक ते वहीत उतरवून घ्यायचे. आजच्या भाषेत सगळंच फुकट डाउनलोड.

मग किंमत उतरली का? १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं गीतांचं पुस्तक काढलं, ते लोकांनी विकत घेतलं. ज्या गीतांचे शब्द वहीत होते, त्याच गीतांचं पुस्तक. साठच्या दशकात एचएमव्हीच्या तबकड्या आल्या, त्या विकल्या गेल्या. आणि बाबूजी, म्हणजे फडके, पुढची कित्येक दशकं गीतरामायणाचे कार्यक्रम करत राहिले. गावोगाव, परदेशातसुद्धा. सगळी गाणी पाठ असलेले लोक तिकीट काढून यायचे. पाठ होती म्हणूनच यायचे, खरं तर. अनोळखी गाण्याला कोण रांग लावतं?

पण इथेही पैसे कुणीतरी दिले होते, आणि ते कुणी दिले हे अगदी स्पष्ट होतं. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. १९८०च्या दशकापर्यंत ही भानगड होती. आकाशवाणी कलावंतांना मानधन द्यायची. म्हणजे जत्रेचाच प्रकार. गावाच्या जागी सरकार, वर्गणीच्या जागी लायसन, मांडवाच्या जागी रेडिओ. आणि दर गीताआधी कवी, संगीतकार, गायक यांची नावं घराघरात पोहोचत होती, हे फार महत्त्वाचं.

नावाचं महत्त्व सांगतो. १९४९ मध्ये ‘महल’ सिनेमा आला, लताबाईंच्या गाण्यानं देश वेडा झाला, आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय? कामिनी. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली की ही गातेय कोण, तेव्हा कुठे खरं नाव पुढे आलं. गाणं घरोघरी फुकट वाजतंय आणि गाणारी बिननावाची. मला विचाराल तर किंमत उतरते ती इथे.

याच लताबाईंनी १९६०च्या दशकात पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं म्हणणं वेगळं होतं. निर्माता धोका पत्करतो, गायकाला गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं, १९६७च्या सुमाराला पुन्हा सुरू झालं. रफीसाहेबांबद्दल आदर ठेवून सांगतो, इतिहासानं कौल लताबाईंच्या बाजूनं दिला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क असा बांधला गेला की करारात सही करूनही तो सोडून देता येऊ नये. सादर करणाऱ्या कलावंतांनाही व्यावसायिक वापरातला वाटा मिळायची सोय झाली. २०१३ मध्ये गायकांची स्वतःची संस्था, ‘इस्रा’, उभी राहिली. मंगेशकर हे आडनाव ज्या मंगेशीवरून आलं, ती इन्सुलीहून सकाळी निघून दुपारी जेवायला परत येण्याइतकी जवळ. आणि मंगेशीला जाताना वाटेत ज्या हॉटेलात चहा प्याल, तिथे लताबाईंचं गाणं लागलेलं असण्याची शक्यता भरपूर. फुकट.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण चटकन सांगतो. २००७ मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडनं आपला नवा अल्बम वेबसाइटवर टाकला आणि सांगितलं, वाटेल ती किंमत द्या, शून्यसुद्धा चालेल. आपलं आरतीचं ताटच की! काही महिन्यांतच तोच अल्बम सीडीवर आला, तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरावर. सगळे म्हणाले, बघा, फुकटानं काही बिघडत नाही. पण तेव्हा ते आधीच जगप्रसिद्ध होते, एका मोठ्या कंपनीच्या पैशावर वर्षानुवर्षं वाढलेले. भातखंड्यांची वकिली आठवा. फुकट वाटणं परवडायला आधी काहीतरी गाठीशी लागतं.

आता परत जत्रेत. आज दशावतार बघायला चटईवर जितकी माणसं, तितकेच मोबाइल वर धरलेले. कुणीतरी स्टँड लावून अख्खी रात्र रेकॉर्ड करतो आणि यूट्यूबवर टाकतो. मुंबईत, पुण्यात, दुबईत बसलेला सिंधुदुर्गातला पोरगा ते बघतो, आणि त्याला घरची आठवण येते. यात वाईट काय? काहीच नाही. असे व्हिडिओ बघूनच पुढच्या जत्रेला गावी जायचं ठरवणारे लोक आहेत, आणि आवडत्या नटाची मंडळी मुंबईच्या नाट्यगृहात आली की तिकीट काढणारेही आहेत. ट्रिकसीनच्या नाटकांना तर लोक पैसे मोजूनच जातात. गीतरामायणाचं गणित इथेही चालतं.

पण जाहिरातीचे पैसे जातात चॅनेलच्या खात्यात. मंडळाचं स्वतःचं चॅनेल असेल तर ठीक. नसेल तर पखवाजावर रात्रभर हात दुखवणाऱ्याचं नावसुद्धा व्हिडिओखाली नसतं. ‘कामिनी’च ती, दुसऱ्या रूपात. गावानं जे फुकट ठेवलं ते बसून ऐकणाऱ्यासाठी, वर्गणी भरून. त्या वर्गणीत चॅनेलवाल्याचा रुपया नव्हता.

२०२० मध्ये याची परीक्षाच झाली. करोनामुळे जत्रा मोजक्या माणसांत उरकल्या, नाटकं बंद पडली. दशावतारी कलाकारांचा हंगाम बुडाला. त्यांतले कितीतरी जण पावसाळ्यात शेती आणि पावसाळ्यानंतर नाटक यावर घर चालवणारे. गंमत म्हणजे त्या वर्षी फोनवर दशावताराला काही कमी नव्हती. जुन्या नाटकांचे तासन्‌तासांचे व्हिडिओ पडून होते, घरात अडकलेले लोक बघत होते, खाली ‘एक नंबर’, ‘काळजाक भिडला’ असं लिहीत होते. फक्त ते बघून कुणाच्या घरी नारळ आणि शिधा जात नव्हता. पुढे जत्रा पुन्हा पहिल्यासारख्या भरायला लागल्या, तेव्हा मंडळ्या पुन्हा रस्त्याला लागल्या. आता पेटारा डोक्यावर नसतो, टेम्पोत असतो.

पुढचा भाग पायपेटीवर. परदेशातून आलेली ही पेटी दशावतारात आणि कीर्तनात कशी शिरली, आणि आकाशवाणीनं एकेकाळी तिला दाराबाहेर का ठेवलं होतं, ते बघू. भेटूच.